‘बीपी नाही, शुगर नाही, मग लकवा कसा?’ फिरत असलेल्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: एक खानापूरच्या माहेरवाल्यांचा, एक शहापूरमधल्या आमच्या गल्लीचा, एक निपाणीच्या भिशीचा. मजकूर थोडक्यात असा: “लकवा फक्त बीपी, शुगर आणि तंबाखूवाल्यांना होतो. तरुण माणसाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर ते वारं. आधी दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, कानाच्या पाळ्या ओढा, मग तेल चोळा. ईसीजी नॉर्मल असेल तर हृदयाचा संबंध नाही, पुढच्या तपासण्या म्हणजे लुटालूट. हृदयात गाठ होतच नाही. झालीच तर तो कॅन्सर, ऑपरेशनच्या नादी लागू नका.”

मी बेळगावात फिजिओथेरपीचं काम करते. लकव्याचे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून हा मेसेज मला वाचून सोडून देता येत नाही.

आधी सुईचं. खानापूर तालुक्यातली एक बाई, वय ३८, घरी शिलाईचं काम करणारी. पहिल्यांदा मी तिचा उजवा हात हातात घेतला तेव्हा पाचही बोटांच्या टोकांवर काळे ठिपके होते, नखांच्या कडेला हळद अडकलेली. डाव्या हाताचंही तेच. “काय नाही ओ मॅडम, वारं गेलंय असं वाटलं,” नवरा सांगत होता. सकाळी चहा ओतताना तिच्या हातातून पातेलं सुटलं. बोटं टोचण्यात, मग कुणीतरी सांगितलेल्या ठिकाणी तेल लावून घेण्यात दिवस गेला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

लकव्यात बहुतेकदा मेंदूची रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने अडकलेली असते. ती अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते आणि तिथे २४ तासांपर्यंत संधी असते, पण जितका उशीर तितकं हातचं जातं. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने मेंदूतली अडकलेली वाहिनी मोकळी होत नाही. लकव्यावर काही जण चोळतात त्या कबुतराच्या रक्तानेही नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तर १०८ ला फोन लावा. कन्नड येत नसलं तरी अडत नाही, ‘लकवा’ म्हटलं की आपल्याकडे समोरच्याला कळतं, कन्नड बोलणारेही तोच शब्द वापरतात.

“फक्त बीपी, शुगर, तंबाखू.” यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मी खोडणार नाही. बहुतेक लकवे त्यातूनच येतात. निपाणी भागात तंबाखूबद्दल वेगळं काय सांगायचं? खोटा आहे तो ‘फक्त’ हा शब्द. लकव्याच्या, म्हणजे स्ट्रोकच्या, शंभर रुग्णांत दहा ते पंधरा जण पन्नाशीच्या आतले असतात, आणि त्यांच्यात कारण पुष्कळदा हृदयात सापडतं: लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली झडप, अनियमित ठोक्यांमुळे साचलेली गुठळी, पडद्यातलं छिद्र. आणि क्वचित, गाठ.

“हृदयात गाठ होतच नाही.” होते. तिचं नाव मिक्सोमा. मोठ्या माणसांत हृदयातच सुरू होणाऱ्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, साधारण तिशी ते साठीत. चारांतल्या तीन वेळा ती डाव्या वरच्या कप्प्यात असते, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकलेली. अंगाने ताडगोळ्यासारखी, बुळबुळीत आणि ठिसूळ. शिलाई करणाऱ्या त्या बाईला हीच होती. तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मला तिच्या डॉक्टरांनी दाखवला होता. दर ठोक्याला तो पांढरट गोळा झडपेच्या तोंडाशी खाली यायचा आणि परत वर जायचा, दिवसाला लाखभर वेळा. त्याचा एखादा कण निसटला, किंवा त्याच्यावर धरलेली गुठळी सुटली, तर ती डाव्या कप्प्यातून महाधमनीत आणि तिथून सरळ मेंदूकडे जाऊ शकते. अशा रुग्णांत दहांतल्या तीन-चार जणांना असा तुकडा कुठेतरी अडकतो, बहुतेकदा मेंदूतच. झडपेवर वाढणारी फायब्रोइलास्टोमा नावाची दुसरी एक छोटी झालरदार गाठही हेच करते.

प्रमाण सांगते, म्हणजे कुणी विनाकारण धास्ती घेणार नाही: रक्तवाहिनी अडकून झालेल्या दोनशे लकव्यांत अशी गाठ एखाद्यात निघते. पण ज्या घरात ती निघते, तिथे ती न शोधणं म्हणजे दुसऱ्या लकव्याची वाट बघणं.

त्या बाईला आधी काही जाणवलं नव्हतं का? जाणवलं होतं. चार-पाच महिने बारीक ताप, वजन उतरलेलं, सांधे दुखायचे, डाव्या कुशीवर झोपलं की दम लागायचा. मिक्सोमा असा टीबीचा, संधिवाताचा किंवा झडपेच्या आजाराचा आव आणतो. तिला तापाच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या मिळत राहिल्या. छातीवर इकोचा प्रोब कुणीच ठेवला नाही.

“ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत.” तिचाही ईसीजी नॉर्मलच होता. ईसीजी हृदयातली वीज मोजतो. कप्प्यात काय लटकतंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी टूडी इको लागतो: छातीवर थंड जेल, वर प्रोब, वीस-पंचवीस मिनिटं. सुई नाही, किरण नाहीत. लहान गाठीची शंका असेल तर अन्ननलिकेतून आतून बघतात. तरुण माणसाला लकवा झाला आणि कारण सापडत नसेल, तर “डॉक्टर, इको झाला का?” हे विचारायला संकोच करू नका. याला लुटालूट म्हणणाऱ्याने त्या बाईच्या नवऱ्याचा बुडालेला रोजगारही मोजावा.

“गाठ म्हणजे कॅन्सर.” मिक्सोमा कॅन्सर नाही. दुसरीकडचा कॅन्सर पसरून हृदयात येतो ते प्रकरण वेगळं, पण हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश साध्या असतात. आणि ऑपरेशनला घाबरायचं तर हे ऐका: १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणारं हार्ट-लंग मशीन लावून मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. आज हे ऑपरेशन रुळलेलं आहे आणि बेळगावात ओपन हार्ट होतं. धोका शून्य नाही, पण नुसत्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी गाठ जात नाही. म्हणून निदान झाल्यावर डॉक्टर फार थांबत नाहीत. फक्त ताज्या लकव्यानंतर मेंदूची स्थिती बघून दिवस ठरवतात.

गाठ देठाच्या मुळासकट निघाली तर शंभरांत दोन-तीन जणांनाच पुन्हा होते. काही घराण्यांत मात्र हा आजार पिढीजात असतो, तिथे गाठ परत येण्याची शक्यता जास्त आणि नातेवाइकांचाही इको करावा लागतो. या बाईच्या बहिणीचा आणि दोन्ही मुलांचा केला, स्वच्छ आला. तिचा स्वतःचा दरवर्षी होतो.

उजव्या हातात आता कात्री धरते ती, सरळ कापते. सुईत दोरा अजून मुलगीच ओवून देते.