दहा मित्रांच्या बिलाच्या त्या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

बजेट आलं की एक फॉरवर्ड हमखास फिरतो आणि जुलैत रिटर्न भरायचे दिवस आले की परत एकदा फिरतो, आमच्या फॅमिली ग्रुपवर यावेळी तिघांनी टाकला आणि खाली मावसभावाने लिहिलं, "टॅक्स भरणाऱ्या प्रत्येकाने वाचाच". मी चौदा वर्षं एका सीएच्या ऑफिसात रिटर्न भरण्याचं काम करते, त्यामुळे हा मेसेज वाचला की मला गप्प बसवत नाही. ग्रुपवर एवढं लांब लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. दहा मित्र रोज हॉटेलात जेवतात, बिल १००० रुपये. पहिले चौघं गरीब, ते काहीच देत नाहीत. पाचवा १० देतो, सहावा ३०, सातवा ७०, आठवा १२०, नववा १८० आणि दहावा, सगळ्यात श्रीमंत, एकटा ५९०. एक दिवस मालक खूश होऊन बिल २०० रुपयांनी कमी करतो. मग पाचव्याला फुकट, सहावा २० देतो, सातवा ५०, आठवा ९०, नववा १४० आणि दहावा ४९०. बाहेर आल्यावर बाकीचे चिडतात की याचे १०० वाचले आणि आमचे दहावीसच, पहिले चौघं म्हणतात आम्हाला तर काहीच नाही, आणि सगळे मिळून दहाव्याला मारतात. दुसऱ्या दिवशी तो येतच नाही आणि बिलाचे निम्मे पैसेही जमत नाहीत. मेसेजचं म्हणणं असं की टॅक्स कमी झाला की श्रीमंताचा फायदा आकड्यात जास्त दिसणारच, कारण भरतोच तो, आणि जो काहीच भरत नाही त्याने बोलू नये. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजला खाली "आपल्या टॅक्सवर लाडकी बहीण" अशी एक ओळपण जोडलेली होती.

सगळ्यात आधी बेरीज. वाचलेले पैसे मोजा: १०, १०, २०, ३०, ४० आणि १००, एकूण २१०. मालकाने कमी केले २००. इतकी वर्षं हा मेसेज फिरतोय आणि पुढे ढकलताना कुणी बेरीज करून बघितलेली नाही. चूक दहा रुपयांचीच आहे पण हिशोब शिकवायला निघालेल्या मेसेजचा हिशोब तरी जुळायला हवा ना.

आता मुख्य मुद्दा, "पहिले चौघं काहीच देत नाहीत".

आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगला रात्रपाळीचे वॉचमन काका आहेत, एजन्सीकडून आलेले. मार्चच्या सुरुवातीला ते सॅलरी स्लिप घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, "ताई, दर महिन्याला २०० कापतात, यावेळी ३०० कापलेत, एजन्सीवाले फसवतायत का बघा जरा." मी स्लिप बघितली. ग्रॉस १६,५००, पीएफ कापलेला, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १२४ रुपये, आणि खाली पीटी ३००. मी सांगितलं, काका, फसवलं नाहीये, हा प्रोफेशन टॅक्स आहे, आपल्या महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना १०,००० च्या वर गेला की दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीच्या पगारातून ३००, वर्षाचे २,५००. ते म्हणाले, "म्हणजे मी टॅक्स भरतो?" हो काका, भरता.

आता त्याच बिल्डिंगमधल्या कंपनीच्या डायरेक्टरचा पगार वर्षाला १ कोटी असेल असं धरा, त्यांनासुद्धा प्रोफेशन टॅक्स २,५००च, कारण राज्यघटनेनेच हा टॅक्स एका माणसामागे वर्षाला २,५०० च्या वर नेता येत नाही अशी मर्यादा घातलीय. काकांच्या वर्षाच्या १ लाख ९८ हजारांतले २,५०० म्हणजे सव्वा टक्का. कोटीवाल्याचे २,५०० म्हणजे एका टक्क्याचा चाळिसावा भाग. आणि हा इन्कमवरचाच टॅक्स आहे बरं का, फक्त त्याचं नाव इन्कम टॅक्स नाहीये.

मग येतो जीएसटी. काका २९९ चं रिचार्ज मारतात त्यात साधारण ४५ रुपये जीएसटी असतो, १८ टक्क्यांनी. डायरेक्टर साहेबांनी तेच रिचार्ज मारलं तरी तेच ४५. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ आहे, ते चांगलं झालं आणि त्याचा फायदा काकांच्या घरापर्यंत पोचला हे मान्य करायलाच हवं. पण १ जुलै २०१७ पासून आठ वर्षं त्यांनी तो भरलाच ना? गाडीतल्या पेट्रोलवर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट वेगळा, आणि पंप लिटर बघतो, पगार बघत नाही. ज्याला १६ हजार मिळतात तो जवळपास सगळे खर्च करतो, म्हणजे त्याच्या जवळपास सगळ्या कमाईला कुठे ना कुठे असा टॅक्स चिकटतो, आणि ज्याला महिन्याला ८ लाख मिळतात तो त्यातले बरेचसे गुंतवतो, त्या पैशाला जीएसटी लागतच नाही. मेसेजमधल्या हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटीची, म्हणजे जीएसटीतल्या केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याची, ओळच नाहीये. ती ओळ घातली की फुकट जेवणारे चौघं उरतच नाहीत.

लाडकी बहीणचं पण इथेच सांगून टाकते. ती राज्याची योजना आहे. राज्याच्या तिजोरीत मोठा वाटा एसजीएसटी, पेट्रोल-दारूवरचा टॅक्स आणि स्टॅम्प ड्युटीचा असतो. इन्कम टॅक्स केंद्र गोळा करतं आणि त्यातला ठरलेला हिस्सा राज्यांना देतं. म्हणजे ज्या बाईच्या खात्यात १,५०० येतात तिने दुकानात भरलेला टॅक्सही त्याच तिजोरीत आहे. योजना चांगली की वाईट यावर हवं तेवढं भांडा, पण "आपल्या टॅक्सवर" म्हणताना त्यात तिचाही टॅक्स आहे हे धरून बोला.

पुढचा दावा, "टक्क्यांत बघितलं तर खालच्यालाच जास्त मिळालं, पाचव्याचे तर शंभर टक्के वाचले". हे ऐकायला एकदम पटतं आणि इथेच लोक फसतात. शंभर टक्के कशाचे? त्याच्या बिलाचे, आणि त्याचं बिल होतं १० रुपये. टॅक्समधली कपात किती टक्के झाली हे बघून घर चालत नाही, महिन्याच्या शेवटी हातात किती उरलं यावर चालतं.

आपलं खरं उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्सच्या नव्या रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य झाला, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. मी ऑफिसात बसून एक कोष्टक केलं होतं, आदल्या वर्षीचे स्लॅब आणि नवीन स्लॅब शेजारी शेजारी ठेवून, सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) सोडून. टॅक्सेबल उत्पन्न ८ लाख, वाचले ३०,०००. १० लाख, वाचले ५०,०००. १२ लाख, वाचले ८०,०००. १६ लाख, ५०,०००. २४ लाख आणि त्याच्या वर कितीही, १,१०,०००. आणि ७ लाख किंवा त्याच्या खाली? शून्य. कारण ७ लाखांपर्यंत टॅक्स आधीपासूनच रिबेटने माफ होता, माफ असलेलं परत काय माफ करणार.

आता ७ लाखांच्या खाली कोण आहे ते बघा. सरकारच्याच पीएलएफएस या रोजगाराच्या सर्वेक्षणात नियमित पगार मिळणाऱ्याची सरासरी कमाई महिन्याला २०-२१ हजारांच्या आसपास येते, म्हणजे वर्षाचे अडीच लाख. ज्यांना टॅक्स लागतो आणि खरंच भरावा लागतो असे लोक म्हणाल तर २०२३-२४ मध्ये रिटर्न भरणारे ८ कोटींच्या आसपास होते आणि त्यातल्या जवळपास ५ कोटींचा टॅक्स शून्य होता. म्हणजे सरकारने सोडलेले १ लाख कोटी, हा आकडा बजेटच्या भाषणातलाच आहे, ते सगळे वरच्या थोड्या लोकांत वाटले गेले. मी स्वतः त्या थोड्या लोकांत आहे, माझेपण पैसे वाचले आणि मला आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही. महिन्याला ८० हजार, लाख मिळवून मुंबई-पुण्यात घराचा हप्ता भरणाऱ्याला तो दिलासा हवाच होता. पण याला "सगळ्यात खालच्याला सगळ्यात जास्त" म्हणणं हे सरळ चूक आहे, सगळ्यात खालच्याला काहीही मिळालेलं नाही.

आणि दहाव्याची गोष्ट तर वेगळीच आहे. मेसेज म्हणतो त्याला टक्क्यांत सगळ्यात कमी सूट मिळते. मग १ फेब्रुवारी २०२३ चं बजेट काढून बघा. त्यात नव्या रेजिमसाठी ५ कोटींच्या वरच्या उत्पन्नावरचा सरचार्ज (मोठ्या उत्पन्नाच्या टॅक्सवर लागणारा जादा टॅक्स) ३७ टक्क्यांवरून २५ वर आणला, त्यामुळे वरचा टॅक्स दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर आला. १० कोटी कमावणाऱ्याचे यातून साधारण ३७ लाख वाचतात, दरवर्षी. त्याच बजेटमध्ये ७ लाखांपर्यंतची माफी आली हेही खरं आहे आणि त्या माणसाचे जास्तीत जास्त ३३,८०० वाचले. पण या सरचार्जच्या कपातीत २ ते ५ कोटीवाल्यालासुद्धा काही मिळालं नाही, नोकरदाराचं तर सोडाच, ती कपात फक्त दहाव्या खुर्चीसाठी होती. मालकाने सगळ्या टेबलाचं बिल कमी केलं आणि ते प्रमाणात वाटलं गेलं, असं काही झालंच नव्हतं.

शिवाय दहावा पगारावर जगत नाही हे आमच्यासारख्या रिटर्न भरणाऱ्यांना रोज दिसतं. १ कोटी पगार असेल तर सरचार्ज आणि सेसच्या आधी टॅक्स होतो साडेपंचवीस लाखांच्या वर. तेच १ कोटी लिस्टेड शेअर वर्षभर ठेवून मग विकून झालेल्या नफ्याचे असतील तर साडेबारा टक्क्यांनी साडेबारा लाखांच्या आत. उत्पन्न तेवढंच, टॅक्स निम्म्याहून कमी. तरी मेसेजमध्ये दहावा म्हणजे कष्ट करून सगळ्यांना पोसणारा माणूस.

"मालक खूश होऊन बिल कमी करतो" या वाक्यावर मला सगळ्यात जास्त आक्षेप आहे. जेवण कमी झालं का? नाही. भाजी स्वस्त झाली का? नाही. मग ते २०० रुपये गेले कुठे? ते उधारीच्या वहीत गेले. २०२५-२६ च्या बजेटमध्ये सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते आणि खर्चातले २० पैसे व्याजात जात होते. ते व्याज वॉचमन काकांच्या ४५ रुपयांतूनही जातं. म्हणजे सूट मिळाली सहा जणांना आणि वहीवर नाव दहाही जणांचं.

"मारलं तर दहावा येणारच नाही", म्हणजे दुबईला जाईल. पहिली गोष्ट, कुणी कुणाला मारत नाहीये, टॅक्स जास्त कुणाला आणि कमी कुणाला हे विचारणं म्हणजे मारणं नाही. दुसरी, माणूस गेला तरी इथे मिळणारं उत्पन्न इथेच टॅक्सेबल राहतं. आमच्याकडे असे क्लायंट आहेत, स्वतः बाहेर आणि फ्लॅट पुण्यात, भाडेकरूला दर महिन्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापावा लागतो, आणि भाडेकरूला ते माहीतच नसतं म्हणून नंतर नोटिशीची धावपळ होते. दुकान, कारखाना, जमीन, ग्राहक इथेच असतात, ते बॅगेत घालून नेता येत नाहीत.

आता हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक कोण आहेत, तर नववे. माझा मावसभाऊ नववा आहे, पगार येण्याआधीच टीडीएस कापला जातो, लपवायला काही नाही, मुलीची शाळेची फी, आईची औषधं, आणि रस्त्यावर खड्डे तसेच. त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. २०२५-२६ च्या त्याच बजेटमध्ये सरकारकडे येणाऱ्या रुपयात इन्कम टॅक्सचे २२ पैसे आणि कंपन्यांच्या टॅक्सचे १७ पैसे होते, हे बघून कुठल्याही पगारदाराला राग यावा. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडतोय, पगारदारांना २०२५ मध्ये मिळाले त्याच्या जवळपास दीडपट. तेव्हा ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही. दादा, तुझा १८० रुपयांचा राग त्या चौघांवर काढतोयस, पण तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचं बिल तू एकदाही मागून बघितलं नाहीस.

वॉचमन काकांना मी स्लिप परत दिली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, हे ३०० परत मिळवायला कुठला फॉर्म असतो का. नसतो, म्हणून सांगितलं. त्यांनी स्लिपची घडी घालून खिशात ठेवली आणि ड्युटीवर गेले.