जुन्या मालिकांची ब्लू-रे म्हणजे ‘फुगवलेली डीव्हीडी’? एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

जुन्या इंग्रजी मालिका आवडणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: त्या काळी एचडी, म्हणजे जास्त रेषांचं बारीक तपशिलाचं चित्र, नव्हतंच, त्यामुळे जुन्या मालिकेची ब्लू-रे (एचडी चित्राची तबकडी) म्हणजे डीव्हीडीच फुगवून महाग विकलेली. चित्रात दाणे दिसतात म्हणजे सफाई नीट झालेली नाही. पडदा पूर्ण भरणारी आवृत्ती ही सुधारित आवृत्ती. आवाज काय, सगळीकडे सारखाच. आणि आता एआय आलंय, तेव्हा घरची डीव्हीडी त्यातून काढली की काम झालं.

यातला एखादाच शब्द खरा आहे. हे वाचून लोक उत्तम संच घ्यायचे सोडतात आणि निकृष्ट प्रतीवर समाधान मानतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“त्या काळी एचडी नव्हतं, मग आता कुठून आलं?”

प्रक्षेपण एचडी नव्हतं हे खरं. टीव्हीचं चित्र आडव्या रेषांनी बनतं; अमेरिकेत ५२५ रेषांची पद्धत होती, त्यातल्या साधारण ४८० प्रत्यक्ष चित्राच्या. ब्रिटन आणि भारताच्या पाल पद्धतीत ६२५, त्यातल्या ५७६ चित्राच्या. पण मालिका घराघरांत कशी पोहोचली आणि ती मुळात कशावर चित्रित झाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या कितीतरी मालिका ३५ मिमी फिल्मवर, म्हणजे सिनेमाच्याच फिल्मवर चित्रित झाल्या. एचडीच्या १०८० रेषा भरून उरेल इतका तपशील त्या निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्ममध्ये, असतो. तो टीव्हीवर कधी दिसला नाही, एवढंच.

१९५१ ची ‘आय लव्ह लूसी’ घ्या. तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि लांबच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्यांची नक्कल घेतली जाई. तिला किनेस्कोप म्हणत, आणि ती धूसर असे. मालिकेतले मुख्य कलाकार ल्युसिल बॉल आणि त्यांचे पती डेसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं, आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकांना किनेस्कोप दाखवणं प्रायोजकाला मान्य नव्हतं. मग प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, थेट ३५ मिमी फिल्मवर चित्रण करायचं ठरलं. छायाचित्रणाला आले कार्ल फ्रॉइंड, जर्मन मूकपटांच्या काळापासून नावाजलेले. वाढीव खर्चापोटी या जोडप्याने कमी मानधन घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. २०१४ मध्ये आलेल्या पहिल्या पर्वाच्या ब्लू-रेमध्ये तपशील कुठून आला, याचं उत्तर या व्यवहारात आहे.

तरीही शंका उरत असेल तर ‘द ट्वायलाइट झोन’चा संच बघावा. ही मालिका ३५ मिमीवर झाली, पण १९६०-६१ च्या दुसऱ्या पर्वात खर्च वाचवण्यासाठी सहा भाग व्हिडिओ टेपवर केले गेले. ‘द नाइट ऑफ द मीक’ हा त्यातलाच. तीच मालिका, तेच पर्व, तोच संच. फिल्मवरचा भाग लावा आणि लगेच टेपवरचा लावा. फुगवाफुगवीच असती तर दोन्ही सारखेच दिसायला हवे होते. ते अजिबात सारखे दिसत नाहीत.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच असावं. १९८७ ते १९९४ या काळातली ही मालिका ३५ मिमी फिल्मवरच चित्रित झाली. पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्सची जोडणी व्हिडिओ टेपवर झाली, कारण ते काम तिथे लवकर आणि स्वस्तात होत होतं. त्यामुळे सगळी मालिका एकसंध अशी फक्त टेपवरच होती. प्रक्षेपण त्या टेपवरून, कॅसेट तिच्यावरून, डीव्हीडीही तिच्यावरूनच. निगेटिव्हची रिळं मात्र खोक्यांत पडून होती. २०१२ पासून ब्लू-रे निघाली ती या रिळांतून: प्रत्येक दृश्याची मूळ फिल्म शोधली, नव्याने स्कॅन केली, जुन्या संकलनाबरहुकूम तुकडा न् तुकडा पुन्हा जोडला. अंतराळयानांच्या प्रतिकृतींचं चित्रण फिल्मवर होतं, तेही नव्याने एकत्र बसवलं. असं सातही पर्वांचं केलं. काही सेकंदांची फिल्म सापडली नाही, तेवढीच टेपवरून मोठी करून घ्यावी लागली. म्हणजे फुगवणं कुठे झालं असेल तर या सेकंदांत. बाकी सगळ्याला ‘फुगवलेलं’ म्हणणं हा त्या माणसांच्या मेहनतीवर सरळ अन्याय आहे.

मालिका किती जुनी, यावरून काहीच ठरत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चे बहुतेक भाग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरची दृश्यं १६ मिमी फिल्मवर होत. १९७० ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा मात्र स्टुडिओतल्या संपामुळे पूर्ण १६ मिमीवर करावी लागली. म्हणून २०१३ मध्ये ती खऱ्या एचडीत निघू शकली. त्याच मालिकेच्या १९८५ मधल्या स्टुडिओतल्या दृश्यांना हे भाग्य नाही, कारण ५७६ रेषांपलीकडे तिथे काही टिपलंच गेलं नव्हतं. मजकुरातला खरा अंश तो एवढाच: टेपवरच्या मालिका आहेत, आणि त्यांच्या वेष्टनावर कोणी एचडी छापलं तर ते दिशाभूल करणारं आहे.

“दाणे म्हणजे घाण”

फिल्मवरचं चित्र दाण्यांचंच बनलेलं असतं. धूळ, ओरखडे, डाग हे फिल्मच्या पृष्ठभागावर असतात आणि ते काढायलाच हवेत. दाणे पुसायला गेलं की त्यांच्याबरोबर त्वचेचा पोत, कापडाची वीण, केसांच्या बारीक बटा जातात आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. दाणे दिसतायत म्हणजे फिल्म खरोखर स्कॅन झाली आहे, हे शुभचिन्ह समजावं.

“पडदा भरला म्हणजे सुधारणा”

चार बाय तीनची चौकट त्या दिग्दर्शकांनी आणि छायाचित्रकारांनी विचारपूर्वक भरली होती. ती सोळा बाय नऊ करायचे दोनच मार्ग: वरून-खालून कापा, नाहीतर निगेटिव्हवर बाजूला जे राहून गेलंय ते उघडं करा. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा पहिला मार्ग वापरलेला होता. रस्त्यावरच्या खड्ड्याभोवती रचलेल्या भागात खुद्द तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. ‘द सिम्पसन्स’ २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर कापलेल्या रूपात आली आणि दृश्यातले विनोद गायब झाले. प्रेक्षकांनी आवाज उठवल्यावर पुढच्या वर्षी मूळ चौकटीचा पर्याय द्यावा लागला. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’च्या एचडी आवृत्तीत दुसऱ्या मार्गाचे परिणाम दिसतात: कडेला उभे असलेले तंत्रज्ञ चौकटीत आले. त्यातच मूळची रंगप्रक्रिया या आवृत्तीत पुन्हा नीट न केल्याने दिवसा चित्रित केलेली रात्रीची दृश्यं भर उन्हातली वाटू लागली. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्यांचा एवढा तिटकारा का असावा, मला खरंच कळत नाही. त्या पट्ट्यांमुळे चित्रातलं काहीही कमी होत नाही.

“आवाज सगळीकडे सारखाच”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण आवाजाकडे कोणी लक्षच देत नाही आणि सगळ्यात जास्त हानी तिथेच होते.

फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पाल पद्धत २५ ने. म्हणून फिल्मवरून पाल डीव्हीडी करताना सगळा कार्यक्रमच किंचित वेगाने चालवतात. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, आणि आवाजाची वेगळी दुरुस्ती केली नसेल तर पट्टीही चढते. हार्मोनियमवरच्या लागोपाठच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत जेवढं अंतर, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. सुरांचा कान असलेल्या माणसाला शीर्षकसंगीत ऐकताच हे टोचतं, नटांचे ओळखीचे आवाज पातळ वाटतात. आपला देश पाल पद्धतीचा, त्यामुळे इथल्या अनेक डीव्हीडींना हा दोष चिकटलेला आहे. ब्लू-रेवर २४ चौकटी तशाच ठेवता येतात, त्यामुळे वेग आणि पट्टी दोन्ही मूळची राहतात.

दुसरी गोष्ट गाण्यांची. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ मधली, एका रेडिओ केंद्रावर घडणारी मालिका. तिच्यात त्या काळची खरी गाणी वाजतात. ती टेपवर चित्रित झाली, कारण टेपवरच्या कार्यक्रमांसाठी गाण्यांचे हक्क स्वस्तात मिळत. हक्कांची मुदत संपल्यावर गाण्यांच्या जागी भलतंच संगीत भरलं गेलं, आणि गाण्यावर संवाद होते तिथे दुसऱ्या माणसांकडून ते पुन्हा बोलवून घेतले गेले. २००७ च्या डीव्हीडीत ही मोडतोड आहे. २०१४ च्या संचात बहुतेक गाणी परत आली. दोन्ही डीव्हीडीच, रेषाही तेवढ्याच, तरी दुसरा संच खूप वरचा. मूळ मोनो (एकाच मार्गिकेचा) आवाज वगळून फक्त नवा ५.१ (अनेक स्पीकरांतून चहूबाजूंनी येणारा) देणाऱ्या संचांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. नवा आवाज जरूर द्या, पण मूळही ठेवा.

“डीव्हीडी एआयमधून काढली की झालं”

रेकॉर्डिंगमध्ये दडलेलं बाहेर काढणं आणि नसलेलं अंदाजाने भरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बीबीसीच्या काही रंगीत कार्यक्रमांच्या टेपा पुसल्या गेल्या, उरल्या त्या फक्त कृष्णधवल फिल्मप्रती. त्या प्रतींवर रंगसंकेताचे बारीक ठिपके उमटले होते. तंत्रज्ञांनी ते ठिपके वाचून मूळ रंग परत मिळवले. ‘डॅड्स आर्मी’चा एक भाग २००८ मध्ये असा रंगांसह परतला. तो रंग कोणाचा अंदाज नव्हता, रेकॉर्डिंगमधलाच होता. एआयने मोठ्या केलेल्या चित्रात नटाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या त्या नटाच्या असतील याची हमी नाही. मागच्या गर्दीतले छोटे चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं तर हमखास बिघडतात.

हा सल्ला सर्वाधिक दिला जातो तो ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेबद्दल, कारण तिची आणि ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ची ब्लू-रे निघालेलीच नाही. त्यांचंही चित्रण ३५ मिमीवर आणि जोडणी टेपवर झालेली. शिवाय नंतरच्या पर्वांतले संगणकावरचे इफेक्ट्स त्या काळच्या कमी रेषांतच बनवलेले, त्यामुळे ते नव्याने करावे लागतील. काम अवघड आणि खर्चिक आहे, अशक्य नाही. ‘डीप स्पेस नाइन’वरच्या ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ या माहितीपटासाठी चाहत्यांच्या वर्गणीतून मालिकेतली काही दृश्यं मूळ फिल्मवरून एचडीत नव्याने केली गेली. तीच दृश्यं डीव्हीडीवर काढा, ती एआयमधून काढा, आणि तिन्ही शेजारी ठेवून बघा.