नेमकं कसं दुखतं?

मूळव्याधीत दुखण्याहून जास्त छळतं ते तिच्याबद्दल बोलता न येणं. दात दुखला की माणूस गालावर हात धरून चारचौघांत मिरवतो. गुडघेदुखीला तर समाजात मानच आहे. मूळव्याधवाल्याने काय करायचं? खुर्चीत एका अंगावर तिरकं बसायचं, कोणी विचारलं तर ‘पाठ धरलीय’ म्हणून सांगायचं, आणि मग पाठीवरचे फुकटचे उपाय निमूट ऐकून घ्यायचे.

रक्त दिसल्यावर मात्र मी आधी सर्जन गाठला. ते मूळव्याधीचंच, हे आपलं आपण ठरवायचं नसतं. आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं. त्यांनी तपासून दुसरी पायरी सांगितली. एकूण पायऱ्या चार. पहिलीत कोंब आतच असतात. दुसरीत कुंथल्यावर बाहेर डोकावतात आणि लाजून आपले आपण परत जातात. तिसरीत त्यांना बोटाने आत पोचवावं लागतं आणि चौथीत ते घरात यायला साफ नकार देतात. शस्त्रक्रियेची गरज नाही म्हटल्यावर घरच्यांच्या आग्रहाने मी होमिओपॅथीकडे वळलो.

या डॉक्टरांनी दुखरी जागा सोडून बाकी सगळ्या माणसाची चौकशी केली. तहान किती लागते? राग आला की बोलता की गिळता? स्वप्नं कसली पडतात? मग वहीतून मान वर करून म्हणाले, “आता सांगा, नेमकं कसं दुखतं?”

“खूप.”

“तसं नव्हे. बारीक काड्या भरल्यासारखं, की काचा टोचल्यासारखं?”

मी अवाक. जे मी घरात धड सांगू शकलो नव्हतो, त्यावर या मंडळींनी केवढं वाङ्मय रचून ठेवलंय! काड्या भरल्यासारखं वाटून कंबरही दुखत असेल तर एस्क्युलस नावाचं औषध. काचा, आणि शौचानंतर तासन्‌तास आग, तर रटानिया. कोंब द्राक्षांच्या घोसासारखे आणि गार पाण्याने बरं वाटत असेल तर अलो. रक्तच फार जात असेल तर हॅमामेलिस.

मला मिळालं नक्स व्होमिका ३०. ते कसल्या माणसाला लागू पडतं, याचं वर्णन घरी बायकोने मोठ्याने वाचलं: दिवसभर बैठं काम, रात्री जागरण, कॉफी, तिखट, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, पोट साफ होत नाही तरी सारखं जावंसं वाटतं.

“अहो, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?”

चिडून उत्तर देणार होतो, पण लक्षणांत भर नको म्हणून गप्प बसलो. खरं म्हणजे ते औषधाचं वर्णन कमी आणि माझ्या आजाराच्या कारणांची यादी जास्त होती. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. वायू अडवण्याचं नाजूक काम त्या करतात. बद्धकोष्ठ झालं, कुंथणं वाढलं की त्या सुजतात, घसरतात. गरोदरपण, लठ्ठपणा आणि वयही हातभार लावतात. मी मात्र कमोडवर फोन घेऊन बसणाऱ्यांपैकी. जगाच्या भानगडी वाचून होईपर्यंत त्या बिचाऱ्या गाद्या खाली लोंबकळत.

आता त्या ‘३०’बद्दल. होमिओपॅथीचे जनक सम्युएल हानेमान यांनी १७९६ साली ‘समानाने समान बरे होते’ हे तत्त्व मांडलं. ३० म्हणजे तीस वेळा शंभरपट पातळ केलेलं, म्हणजे एकावर साठ शून्यं एवढ्या भागांत एक भाग. साधारण बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरणंही मुश्किल. नक्स म्हणजे कुचला, त्यात स्ट्रिक्नीन हे जहर. त्यामुळे या हिशेबाने मला उलट धीरच आला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली अभ्यास चाळून सांगितलं, की कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

गोळ्या तरी घेतल्या. हात न लावता झाकणात काढायच्या आणि जिभेखाली ठेवायच्या. एक हमखास पलंगाखाली पळायची. सोबत पथ्य होतंच: कॉफी बंद, पाणी आणि चोथा भरपूर, रोज चालणं, घाई लागली की टाळाटाळ नाही, फोन बाहेर. महिन्याभरात आराम पडला. बायको श्रेय गोळ्यांना देते, मी चोथ्याला.

फोन अजूनही बाहेरच असतो. काम झटपट उरकतं, पण फिनाइलच्या बाटलीवरच्या सूचना तोंडपाठ झाल्यात; डोळ्यांत गेल्यास काय करायचं, ते मला विचारा.