फ्रीज गातो ते ठीक, पण गाणं लिहिलं कोणी?

मागच्या आठवड्यात उन्हाळी धानाला पाणी करायला रात्री मोटरपाशी बसलो होतो. थ्री फेज लाइन बाराला येणार. तोवर भाच्याच्या मोबाइलवर 'पॉपस्टार: नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग' पाहिला. २०१६ चा अमेरिकन सिनेमा. अँडी सॅमबर्ग त्यात कॉनर नावाचा बिनडोक पॉपस्टार झालाय. पोट्टं हसून हसून धुऱ्यावरून बांधीत पडायचं बाकी होतं. मग म्हणे, "मामा, म्युझिक इंडस्ट्रीची पार इज्जतच काढली ना ह्यायनं!"

इथंच आमचं बिनसलं. राजेहो, इज्जत काढली ती कॉनरची. इंडस्ट्रीला नुसत्या गुदगुल्या केल्या.

सिनेमा हसवतो, यात वाद नाही. कॉनरचा अल्बम घरोघरच्या फ्रीजमधून वाजतो, दार उघडलं की गाणं सुरू. त्या नादात देशभराची वीज जाते. २०१४ मध्ये ॲपलनं यू-टू बँडचा अख्खा अल्बम सुमारे ५० कोटी आयट्यून्स खात्यांत कोणाला न विचारता टाकला होता, त्याची ही फिरकी. झकास जमलीय. (आमच्याकडे लाइन जायला अल्बम लागत नाही, ते सोडा.)

पण बघा, रिंगो स्टार, मराया कॅरी, अशर, फिफ्टी सेंट असे खरे तारे स्वतःच्याच नावानं येऊन गंभीर तोंड करून कॉनरबद्दल बोलतात. ज्यांची टर उडवायची तेच साक्षीदार! आमच्या गावी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, एकदा 'गंमत' या लोकनाट्यातल्या सोंगाड्यानं सरपंचाला खराब रस्त्यावरून असं सोललं की मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. सगळ्यात मोठ्यानं हसले सरपंचच. वर्गणीही त्यांचीच होती. रस्ता पुढच्या मंडईलाही तसाच.

मला खरा चिमटा बसला तो दुसरीकडे. कॉनरला ज्या कडव्यानं बक्षीस मिळालं, ते लिहिलेलं असतं त्याच्या जुन्या तिघांच्या बँडमधल्या दोस्तानं, लॉरेन्सनं. श्रेय कॉनर घेतो. लॉरेन्स सगळं सोडून कोलोरॅडोत शेती करायला जातो. सिनेमात शेती करणं हाच एक विनोद आहे, त्यावर मी हसलो नाही. तिसरा दोस्त ओवेन डीजे, म्हणजे आयपॉडचं बटण दाबणारा. हा माणूस तर आम्ही रोज पाहतो. गडचिरोलीकडच्या वडसाच्या नाटक कंपन्यांत रात्रभर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे हात मी जवळून पाहिलेत, पहाटे बोटांना चिकटपट्ट्या असतात. आणि वरातीत पिकअपवरचा पोऱ्या पेन ड्राइव्ह खोचून गुटखा चघळत उभा.

आपल्याकडच्या गाण्यात लिहिणाऱ्याचं नाव गाण्यातच असायचं. खंजिरीवर राष्ट्रसंतांचं भजन सुरू झालं की शेवटी 'तुकड्या' आल्याशिवाय संपत नाही. वामनदादा कर्डकांच्या गीतात अखेरच्या कडव्यात 'वामन' येतोच. कॉपीराइटचं ऑफिसच म्हणा ना, तेही फुकटात. पण रिमिक्सवाला काय करतो? पहिल्या दोन ओळी घेतो, त्याच घोळतो, खाली धडाधड बेस. शेवटचं कडवं येतच नाही. नाव तिथंच कापलं जातं, आणि कापणाऱ्याला कळतही नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, सिनेगीतं लिहिणाऱ्यांचा रॉयल्टीचा हक्क कंपनीनं लिहून घेऊ नये म्हणून. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. म्हणजे त्याआधी काय चालायचं ते समजून घ्या.

ह्या जखमेवर सिनेमानं बोट ठेवलं, म्हणून तो मला आवडला. पण दाबलं नाही. कॉनरनं माफी मागितली, तिघं गळ्यात गळे घालून पुन्हा एकत्र, शेवटी पुरस्काराच्या मंचावर टाळ्या. बक्षीस देणारी दुकानदारी जशीच्या तशी. जवळपास २ कोटी डॉलर लावून सिनेमानं जगभरात १ कोटीही कमावले नाहीत. ओटीटीनं मात्र त्याला नंतर माणसं मिळवून दिली. ते बरंच झालं, पोरांनी पाहावाच.

बाराला लाइन आली. भाचा मोटर चालू करायला उठला, कॉनरचंच गाणं गुणगुणत. मी विचारलं, "काय रे, हे लिहिलं कोणं?"

"कोणं म्हणजे? कॉनरनं!"