रंकाळ्यावर पडलेल्या मुलाच्या दाताबद्दल लिहिलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

रंकाळा तलावावर सायकलवरून पडलेल्या चार वर्षांच्या लेकाचा दात रुमालात घेऊन तुम्ही माझ्या दातांच्या दवाखान्यात धावत आलात. अर्धा तास बसवून ठेवलं, दात परत बसवला नाहीच, वर जबड्याच्या एक्स-रेचे पैसे घेतले, असं तुम्ही लिहिलंय.

अर्धा तास बसवलं हे चुकलंच. तोंडातून रक्त येणारं लेकरू दारात आलं की नंबर बाजूला ठेवून आधी आत घ्यायचं, हे काउंटरवर बजावून ठेवणं माझं काम होतं. माफ करा.

दाताच्या बाबतीत मात्र आजही मी तेच करीन. दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवत नाहीत. त्याच्या मुळाला लागूनच हाडात कायमचा दात घडत असतो. निघालेला दात आत रेटला की त्या कोवळ्या दाताला इजा होऊ शकते. नवा दात सातव्या-आठव्या वर्षी येईल. तोवर फट दिसेल, आईच्या जिवाला ते लागतं, पण खाण्याबोलण्याचं सहसा अडत नाही.

कायमचा दात असता तर एकेक मिनिट मोलाचं होतं. मुळाला हात न लावता वरचा पांढरा भाग धरायचा, माती असेल तर न घासता नुसता खळबळायचा आणि तिथंच जागेवर बसवायचा. नाहीच जमलं तर थंड दुधात टाकून आणायचा. गंगावेशीत असाल तर दूध कट्ट्यावरून ग्लासभर घ्या. रुमालात नको, मुळावरच्या पेशी कोरड्या पडून अर्ध्या-एक तासात मरतात.

आता एक्स-रे. हनुवटीला खोक पडली होती, हे तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी मार हनुवटीला बसतो आणि हाड मोडू शकतं कानापुढं, जबड्याच्या सांध्यापाशी. बाहेरून कधीकधी एवढंच दिसतं की तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते. लहान वयात हे नजरेतून सुटलं तर सांधा आखडू शकतो, जबड्याची वाढ खुंटते, चेहरा वाकडा होतो. वेळेत कळलं तर बहुतेक मुलांचं मऊ जेवण आणि तोंड उघडण्याच्या व्यायामावर भागतं, ऑपरेशन लागत नाही. पण हे पैसे घेण्याआधी, फिल्म तुमच्यापुढं धरून सांगायला हवं होतं.

सहा ते आठ आठवड्यांनी हिरडी पुन्हा बघावी लागेल. दुपारी दोनला या, गर्दी नसते. फी घेणार नाही. त्याआधी तोंड कमी उघडायला लागलं किंवा दातावर दात नीट बसेनात, तर थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या. थेट आत या.