मण्यारच आहे ती!

अंगणात निघालेला साप कोणता हे ठरवायला साप बघावा लागतो, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात समोरचे काका चपला शोधता शोधताच निकाल देतात, "मण्यारच आहे ती!" अंगावर पट्टे असले की मण्यार, नसले की नागाचं पिल्लू. तिसरी जात गल्लीत मंजूर नाही.

मग फोनवर फोटो येतो. त्यात खराटा, बादली, कुणाचा तरी अंगठा आणि सापाचा मधला वीतभर भाग, तोही हललेला. खाली मजकूर: "विषारी आहे का? लवकर सांगा, काठी घेऊन उभे आहोत." आता बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यातला फरक मुख्यतः दोन टोकांना बघायचा असतो, आणि नेमकी तीच फोटोबाहेर.

कवड्या तपकिरी, दीड-दोन फुटांचा, पालींच्या मागे भिंत चढणारा. त्याचे पांढरट-पिवळट पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विटत जातात, धुऊन धुऊन लुगड्याचा काठ जावा तसे. मण्यारीचं उलटं. निळसर काळी, चकचकीत. मानेमागचा भाग बहुधा कोरा, मग बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, शेपटीपर्यंत ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते, पण ती बघायला कुणी खाली वाकू नये. शिवाय मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे कधी कधी थेट मानेपर्यंत येतात. त्यांना हा नियम कुणी सांगितलेला नसतो. म्हणून शंका आली की मण्यारच धरायची, आणि त्या दिवसापुरतं काकांना बरोबर म्हणायचं.

नानेटी सोपी. पट्टे आडवे नाहीत, पाठीवर लांबीने दोन पिवळ्या रेघा. पावसाळ्यात बेडकं शोधत फिरते.

खरा छळ वाळ्याचा. कुंडीत वाळा निघाला म्हटलं की अर्धे लोक विचारतात, "कूलरला लावायचा?" हा वाळा गवताचा नव्हे, साप आहे. वीतभरही नसलेला, काळसर, बूटाच्या लेससारखा. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, ते ओलं असतं आणि आखडत-ताणत सरकतं. वाळा कोरडा, तुळतुळीत, नागमोडी वळवळतो. डोळे म्हणजे दोन ठिपके, शेपटीला बारीकसं टोक. ते टोचतं, आणि "शेपटीने डसला" ही बातमी सोसायटीभर होते. खातो मुंग्या-वाळवीची अंडी. यांच्यात नर नाहीतच. सगळ्या माद्या, नराविना अंडी घालतात. कुंड्यांच्या मातीतून ही बाई एकटीच जगभर पोचली, आणि मोरीत दिसली की आपण फिनेलची बाटली शोधतो. सुपलीत घ्या, ओल्या मातीत सोडा, झालं.

कवड्या चावरा, दात लांब, रक्त येतं, विष नाही. पण "कवड्याच होता" असं सांगणारे काकाच असतील तर थेट दवाखाना गाठा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, त्यामुळे "काही होत नाहीये" याला अर्थ नाही. साप मारून पिशवीतून न्यायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर औषध एकच. सापाचा केसपेपर कुणी काढत नाही.

आणि फोटो? सहा-आठ फुटांवरून, झूम करून. एक अख्ख्या सापाचा, एक डोकं-मान दिसेल असा. अंगठ्याचा वेगळा पाठवला तरी चालेल.