लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होत नाही

गरोदरपणात लोहाच्या गोळ्या घेतल्यास बाळ काळे जन्मते, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. बाळाचा वर्ण आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. काळा होतो तो आईच्या शौचाचा रंग, कारण न शोषले गेलेले लोह त्यावाटे बाहेर पडते, आणि या समजाचे मूळ बहुधा तिथेच असावे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यायच्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. अंगात रक्त कमी असलेल्या बाळंतिणीच्या जिवावर थोडा रक्तस्रावही बेतू शकतो, म्हणून भीतीपोटी गोळ्या टाकून देणाऱ्या घरांची फार काळजी वाटते. मळमळ होत असल्यास गोळी परस्पर बंद न करता परिचारिकेला सांगावे. चहा किंवा कॅल्शियमची गोळी मात्र लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये.